नाईलवर सोडलेला चहा

मी इजिप्तला का गेले, हे मला आजही धड सांगता येत नाही. कोणी विचारलं तर मी म्हणते, मुलानं पाठवलं. हे खरं आहे, पण उत्तर नाही. मुलगा पाठवील तिथे जायला मी काही पार्सल नव्हते.

बँकेत संगणक आले आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. माझ्या टेबलाच्या आसपासचे सगळे अर्ज भरत होते, म्हणून मीही भरला. दुसऱ्या महिन्यापासून सकाळी साडेनऊ वाजता कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नुसतीच उभी असायची. डबा भरायचा नाही, बस पकडायची नाही. मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत लागून वर्षभरात अमेरिकेला गेला होता. त्याचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. एका रविवारी तो म्हणाला, "आई, तुझं आणि बाबांचं इजिप्तचं बुकिंग केलंय. पुण्याचीच टूर आहे, जेवण आपलं."

"इजिप्त? ते कशाला?"

"तूच म्हणाली होतीस. मी सहावीत असताना आपण थर्माकोलचा पिरॅमिड केला होता शाळेच्या प्रदर्शनाला, तेव्हा. एकदा बघायला हवं, म्हणालीस."

मला काहीही आठवत नव्हतं. थर्माकोल आठवत होता, कारण त्याचे पांढरे दाणे दिवाळीपर्यंत झाडूत येत होते. पण असलं काही मी बोलले होते? आणि बोलले असेन, तरी ते त्यानं पंधरा वर्षं लक्षात ठेवावं? मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो गोंधळ.

आता प्रश्न सासूबाईंचा. त्या तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून घरातल्या घरात काठी टेकत चालायच्या. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. त्यांना बारा दिवस एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. "तू जा, मी आईजवळ राहतो," असं आमचे हे इतक्या पटकन म्हणाले, की त्यांना विमानाची भीती वाटते हे मला लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं.

पण सुनेनं एकटीनं परदेशी जायचं, हे सासूबाईंच्या गळी कोण उतरवणार? "मी बोलतो," हे म्हणाले. वाद टाळणं हा ह्यांचा जन्मभराचा उद्योग. कारखान्यातली नोकरी हा जोडधंदा. ते आईच्या खोलीत गेले, पाच मिनिटांत बाहेर आले आणि म्हणाले, "झालं काम. आई खूश आहे."

"काय सांगितलंत?"

"काशीला जातेयस म्हणून."

सासूबाईंना काशीला जायचं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोनदा बेत ठरला होता. एकदा सासरे आजारी पडले, एकदा माझ्या नणंदेचं बाळंतपण आलं. मग हाड मोडलं आणि विषय संपला. त्या स्वतः कधी बोलून दाखवायच्या नाहीत. शेजारचं कोणी जाऊन आलं, की प्रसादाचा दाणा तेवढा डोळे मिटून तोंडात टाकायच्या. त्यांना ह्यांनी हे सांगितलं होतं. मी खूप भांडले. हे म्हणाले, "आल्यावर सांगू खरं. आत्ता कशाला आठ दिवस घराची शोभा करायची?" आणि पेपर उघडून बसले.

मी जन्मात बँकेच्या खात्यात एका पैशाची चूक केली नाही की कुणाशी खोटं बोलले नाही, असा माझा तोरा होता. पण सासूबाईंच्या खोलीत जाऊन "आई, ते खोटं आहे" असं म्हणायला माझे पाय उचलले नाहीत. त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता. कोणी भेटायला आलं, की सांगायच्या, "सून काशीला निघालीय." आलेली बाई माझी ओटी भरायची, आणि मी इजिप्तला निघालेली बाई मान खाली घालून नारळ घ्यायची. बॅग भरताना त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "काशीत एवढे कपडे कशाला? कोण बघणारंय तुझ्याकडे?"

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. दार लोटायला सांगितलं.

"काशीला गेलं, की काहीतरी सोडायचं असतं, माहीत आहे ना? आवडीचं. मग ते जन्मभर तोंडात घालायचं नाही."

"हो आई."

"मी काही आता तिथे येत नाही. माझ्या नावानं तू सोड."

"काय सोडू?"

"चहा."

आता इथे मला चहाबद्दल सांगितलं पाहिजे. दुपारी चार वाजता सासूबाई झोपून उठायच्या आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसायच्या. मी त्यांना आलं किसून, कुंडीतली गवती चहाची दोन पाती घालून चहा करून द्यायची. कडेला निळी रेघ असलेला एकच कप, तीच बशी. त्या बशीत ओतून फुंकर मारून प्यायच्या. नोकरीत होते तोवर शनिवार-रविवारी आणि सुट्टीला, आणि निवृत्तीनंतर रोज, मी तो केला. तीस वर्षांत एकदाही त्यांनी चांगला म्हटला नाही. "पाणी गरम आहे, एवढं खरं," असं म्हणायच्या. फारच जमला तर "आज बरं लक्ष होतं तुझं." पण बशी शेवटच्या थेंबापर्यंत संपवायच्या, आणि संपवल्यावर पाच मिनिटं कोणाशी बोलायच्या नाहीत. दात गेले होते, चहातली चमचाभर साखर सोडली तर गोड बंद होतं, भाजी मऊ करून द्यावी लागायची. त्यांच्या दिवसात आवडीचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच होतं.

"आई, दुसरं काहीतरी सोडा," मी म्हणाले. "तोंडली सोडा."

"तोंडली मला आवडतच नाहीत. न आवडणारं सोडायला काशी कशाला हवी? ते मंडईत उभं राहूनही सोडता येतं."

"अहो, पण..."

"किती तारखेला नदीवर पोचणार तू?"

मी गडबडले. टूरचा कागद डोळ्यांसमोर होता. मंगळवारी कैरोतलं संग्रहालय, बुधवारी विमानानं दक्षिणेला, नाईल. "बुधवारी," मी म्हणून गेले.

"मग बुधवारपासून मी घेणार नाही."

झालं. ह्यांनी थाप मारली होती, तारीख मी देऊन बसले.

आमच्या गटात चाळीस माणसं होती. सगळ्यांना एकाच रंगाच्या टोप्या आणि एकाच रंगाच्या बॅगा. माझ्या खोलीत शनिवार पेठेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी निघण्याआधी इजिप्तबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं आणि वही भरून टिपणं आणली होती. तिथला गाईड इंग्रजीत काही सांगू लागला, की त्या वही उघडून ताडून बघायच्या. तो चुकला, की "सॉरी, एक दुरुस्ती," म्हणून हात वर करायच्या. दोन दिवसांत तो आधी त्यांच्याकडे बघून मगच बोलायला लागला.

पिरॅमिड पाहिले. मोठे आहेत. ह्याहून जास्त मला काही सुचेना. बाकीचे "अबब" म्हणत होते, फोटो काढत होते, आणि मी शोधत होते की मी कधीतरी हे बघायला हवं असं का म्हणाले असेन. समोर दगडच दगड, मागे उंटवाला, आणि आमच्या बसमध्ये पुऱ्या तळल्याचा वास. आपण नक्की कुठे आहोत, ते कळेना. दुपारी श्रीखंड वाढलं तेव्हा तर अजिबातच कळेना.

मंगळवारी संग्रहालयात मात्र एका काचेच्या पेटीपुढे मी थांबले. आत वाळून काळे पडलेले भाकरीसारखे काही तुकडे होते. गाईड म्हणाला, हे मेलेल्या माणसासोबत ठेवलेलं जेवण. त्याला जे जे आवडायचं ते सगळं बरोबर द्यायचे. भाकरी, मांस, अंजीर, मद्य, खेळायचा पट, बसायची खुर्ची. पुढे काही कमी पडू नये म्हणून. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत बघून मान डोलावली, म्हणजे ते बरोबर होतं.

मी तिथेच उभी राहिले. ही माणसं हजारो वर्षांपूर्वी जाणाऱ्याला म्हणाली, तुला आवडतं ते सगळं घेऊन जा. आमच्या सासूबाई म्हणत होत्या, मला आवडतं ते जायच्या आधी सोडून टाक. दोघांनाही तिकडच्या प्रवासाचीच काळजी. मग बरोबर कोण? सामान भरून निघायचं, की रिकामं होऊन? मी तीस वर्षं आकडे जुळवलेली बाई, पण हा हिशेब मला कुठून सुरू करायचा तेही समजेना. एवढंच वाटलं, की इथल्या कोणा राजाच्या आईनं चहा घेतला असता तर तिच्या शेजारी निळ्या रेघेचा कप ठेवला असता. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणाले, धूळ गेली.

बुधवारी सकाळी नदीवर आलो. पांढऱ्या शिडाच्या होड्या होत्या. गटातल्या लोकांनी गाण्यांच्या भेंड्या सुरू केल्या. गाईड सांगत होता की ही नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून इथे नकाशाचा खालचा भाग म्हणजे वरचा देश. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "करेक्ट." आणि माझ्या अंगावर काटा आला.

कारण सासूबाई नेहमी सांगायच्या, गंगा सगळीकडे गंगाच, पण काशीत ती उत्तरवाहिनी होते, उत्तरेकडे वळते, म्हणून तिथलं पुण्य वेगळं. म्हणजे ह्या नदीचं काय? ही तर सगळीच उत्तरवाहिनी. सासूबाईंच्याच नियमानं बघायचं, तर ही चालेल का? चाललीच, तर त्यांचा चहा सुटेल. नाही चालली, तर त्या पुण्यात बसून फुकट तोंड कोरडं ठेवतील. मला दोन्ही नको होतं. मी होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात हात घातला. पाणी चांगलंच गार होतं. सूर्याकडे बघावं की उत्तरेकडे, हेही ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "त्यांचा राहू दे. त्यांच्याऐवजी माझा घे." कोणाला म्हणाले, ते विचारू नका. नाईलला म्हणाले, गंगेला म्हणाले, की इतक्या लांबून सासूबाईंनाच म्हणाले, मला माहीत नाही.

"काय पुटपुटताय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. उत्तरवाहिनी आहे म्हटलं."

"हे माझ्या टिपणात नाही," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

दुपारी आम्हाला एका मोठ्या बोटीवर नेलं. चारच्या सुमाराला आमच्या स्वयंपाक्यानं तिच्या डेकवर चहा आणला. आलं घातलेला, पुण्याचा. चाळीस माणसं पेले घेऊन उभी, आणि मी नको म्हणाले. चहा मलाही जिवापाड आवडतो, हे सांगायचं राहिलं. सासूबाईंचा कप भरला, की पातेल्यात उरलेला मी ओट्याशी उभी राहून प्यायची. तिथेच उभं राहून, तिथेच कप धुवायचा. बाल्कनीत त्यांच्याशेजारी बसून मी कधी प्यायले नव्हते. त्यांनी कधी बस म्हटलं नाही, मीही कधी बसले नाही.

संध्याकाळी हॉटेलातून घरी फोन लावला.

"आईंनी चहा घेतला?"

"नाही," हे म्हणाले. "चार वाजता कप स्वतः विसळला आणि पालथा घालून ठेवला. मी म्हटलं, अर्धा घे. माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस."

"अहो, सांगा ना त्यांना खरं!"

"तू ये. मग बघू."

पुढचे चार दिवस मी देवळं पाहिली, थडगी पाहिली, भिंतीवरची चित्रं पाहिली. डोकं ठणकत होतं, चहा नव्हता म्हणून की मन खात होतं म्हणून, कळायला मार्ग नव्हता. दुकानदार छोट्या ग्लासातून चहा पुढे करायचे, मी हात जोडायची. एका बाटलीत मी नाईलचं पाणी भरून घेतलं. कशासाठी, तेही ठरवलं नव्हतं. सासूबाईंना गंगा म्हणून देणार होते का? विचार मनात आला होता, हे कबूल करते. मग टूरमधल्या कोणीतरी हात धुवायला ती बाटली वापरून टाकली, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी त्यांचे आभार मानले.

परतीच्या विमानात मी वाक्य घोकत होते. 'आई, गंगेनं चहा घेतला नाही. दुसरं मागितलं.' वाक्य चांगलं होतं. ह्यांनीसुद्धा शाबासकी दिली असती.

घरी पोचले तेव्हा बरोबर चार वाजत होते. सासूबाई बाल्कनीत खुर्चीवर होत्या. चेहरा उतरला होता, पण नवी साडी नेसून बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि माझेच हात आपल्या कपाळाला लावले. यात्रा करून आलेल्या माणसाचे लावतात तसे. त्यांनी माझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

घोकलेलं सगळं गळून पडलं. मला रागच आला. ह्यांचा, माझा, त्यांचा, सगळ्यांचा. "आई, तुम्ही चहा घ्या!" मी ओरडलेच जवळजवळ. "मी काशीला गेलेच नव्हते."

आतल्या खोलीत पेपर सळसळला आणि थांबला.

"मग कुठे गेली होतीस?"

"इजिप्तला. परदेशात. मुलानं पाठवलं."

"काय आहे तिथे?"

"मेलेली माणसं ठेवलीयत. जुनी."

"ती बघायला एवढ्या लांब?"

"मलाही कळत नाही आई, कशाला गेले ते."

सासूबाईंनी माझे हात सोडले. काठीच्या मुठीवर स्वतःचे हात ठेवले. खाली रस्त्यावर रिक्षा, स्कूटर, सगळं नेहमीसारखं चालू होतं. त्या म्हणाल्या, "बुधवारपासून मला बरं वाटत होतं गं. एकदाची काशी झाली असं वाटत होतं."

मला हुंदका आला. तीस वर्षांत मी त्यांच्यासमोर रडले नव्हते, अगदी रडण्यासारखं त्या बोलल्या होत्या तेव्हासुद्धा. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि नदीचं सगळं सांगून टाकलं. ती उत्तरेकडे वाहते, हे सांगितलं. पाण्यात हात घालून त्यांचं नाव घेतलं आणि त्यांच्याऐवजी माझा चहा सोडला, हेही सांगितलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला. "पाणी वाहतं होतं ना?" मी हो म्हणाले.

मग आतल्या खोलीच्या दिशेनं मान वळवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "काशी म्हणे!" मला म्हणाल्या, "ऊठ. आधण ठेव."

मी चहा केला. आलं किसलं, गवती चहाची पाती तोडली, पालथा घातलेला कप सुलटा केला. त्यांच्यापुढे ठेवून स्वयंपाकघराकडे वळले.

"तुझा कुठाय?"

"मी सोडलाय ना, आई."

"काशीला गेलीच नाहीस, तर सुटेल कसा?" त्या म्हणाल्या. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि तीच बशी माझ्यापुढे धरली. ज्या बाईनं मला कधी आपल्या तांब्यातलं पाणी पिऊ दिलं नव्हतं, तिची उष्टी बशी.

"बस खाली. पी."

मी बसले आणि प्यायले. साखर घालायला मी विसरले होते. त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि कपातला उरलेला चहा त्यांनी पुन्हा बशीत ओतला.